बंदराचे फाटक

जिंतूर आणि समुद्र यांचा संबंध काय, असे वाचक विचारतील आणि ते योग्यच आहे. आमच्या तालुक्यात मोठे पाणी म्हणजे पूर्णा नदीवरचे येलदरी धरण. ते काठोकाठ भरले की आम्हां जिंतूरकरांना समुद्र पाहिल्याचे समाधान मिळते. गावात रेल्वेसुद्धा नाही, मग बंदर कुठले? परंतु दिवाळी उलटली की तालुक्यातला कापूस जिनिंगमध्ये येऊन पडतो, सरकी निराळी होते, रुईच्या एकशेसत्तर किलोच्या गाठी बांधल्या जातात. आणि मराठवाड्यातल्या अशा गाठींपैकी काही व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरत फिरत रायगड जिल्ह्यातल्या न्हावाशेवा बंदरापर्यंत पोहोचतात. परदेशी जाणाऱ्या कंटेनरचे दार लागले की त्याला एक जाड पोलादी सील ठोकतात. सीलला क्रमांक असतो, तो क्रमांक कागदोपत्री चढतो, आणि बंदरात तो जुळला नाही तर सारा माल संशयित ठरतो. समुद्रावरच्या पहाऱ्याचे पहिले कुलूप हे असे समुद्रापासून शेकडो कोसांवर लागलेले असते.

या विषयाकडे आमचे लक्ष गेले ते मात्र कापसामुळे नव्हे. आमची धाकटी बहीण वसईला दिली आहे. तिचा थोरला मुलगा व्यापारी जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. सुटीवर आला की चार दिवस मामाच्या गावी येतो, ओसरीवर बसतो आणि बंदरांच्या गोष्टी सांगतो. दर्यावर्दी माणसांविषयी आम्ही लहानपणी जे ऐकले होते, म्हणजे सिंगापूरचा बाजार, रॉटरडॅमचे रस्ते, परक्या देशातल्या चर्चमधली रविवारची मिस्सा, त्यातले याच्या बोलण्यात फारसे काही येत नाही. येते ते फाटक, पास, यादी आणि पहारेकरी. एकदा आम्ही सहज विचारले, "अरे, इतके देश फिरलास, त्यांतला आवडला कोणता?" तो म्हणाला, "मामा, देश कुठे पाहिले? मी धक्के पाहिले."

हे उत्तर आमच्या मनात घर करून राहिले. असे का व्हावे याचा शोध घेता घेता आम्ही जहाजांच्या आणि बंदरांच्या सुरक्षेचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यांच्यापर्यंत येऊन पोहोचलो.

बंदरातला धोका हा काही नवा विषय नव्हे. मुंबईच्या जुन्या माणसांना १४ एप्रिल १९४४ हा दिवस सांगावा लागत नाही. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकीन' या जहाजात एकाच वेळी कापसाच्या गाठी, सोने आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. दुपारी कापूस धुमसू लागला, आग आवरेना, आणि चारच्या सुमारास जहाज उडाले. आठशेहून अधिक माणसे गेली, गोदी आणि भोवतालची वस्ती बेचिराख झाली. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल निशाण लावावे असा रिवाज होता. ते निशाणही त्या जहाजावर नव्हते. आजही आपल्या देशात अग्निशमन सेवा सप्ताह १४ एप्रिलपासूनच सुरू होतो तो याच आठवणीने. कापसाच्या मुलखातल्या माणसाला ही हकीकत वाचताना विशेष वाईट वाटते. पण त्या दिवशी घातपात करणारा कोणी नव्हता. जे झाले ते निष्काळजीपणाने झाले.

जाणूनबुजून केलेल्या घाताची भीती जगाला पुढे वाटू लागली. ऑक्टोबर १९८५ मध्ये भूमध्य समुद्रात 'अकिले लाउरो' हे प्रवासी जहाज बंदूकधाऱ्यांनी ताब्यात घेतले आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एका वृद्ध प्रवाशाला ठार मारून समुद्रात टाकले. त्यानंतर १९८८ साली रोममध्ये एक करार झाला. ऑक्टोबर २००० मध्ये एडनच्या बंदरात 'कोल' या अमेरिकन युद्धनौकेवर स्फोटकांनी भरलेली लहानशी होडी आदळवण्यात आली, तीत सतरा नौसैनिक मरण पावले. मग ११ सप्टेंबर २००१ उजाडला. विमानाचे शस्त्र होऊ शकते तर जहाजाचे का नाही, हा प्रश्न प्रत्येक सरकारला पडला. डिसेंबर २००२ मध्ये लंडन येथे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या परिषदेत 'जहाज व बंदर सुविधा सुरक्षा संहिता' मंजूर झाली आणि १ जुलै २००४ पासून ती जगभर लागू झाली. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या बैलगाडीने दीड वर्षात एवढी मजल मारावी, हे भीतीचेच बळ म्हटले पाहिजे. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ साली समुद्रावरील जीवरक्षणाचा जो करार जन्माला आला, त्याच्याच १९७४ च्या आवृत्तीला ही संहिता जोडलेली आहे. पूर्वी तो करार माणसाला समुद्रापासून वाचवीत असे. आता माणसाला माणसापासून वाचवणे हेही त्याच्या वाट्याला आले.

संहितेची रचना समजण्यास अवघड नाही. आंतरराष्ट्रीय प्रवास करणारी प्रवासी जहाजे, पाचशे टन व त्याहून अधिक टनेजची मालवाहू जहाजे, समुद्रात तेलासाठी भोके पाडणारी फिरती यंत्रणा आणि या साऱ्यांना आसरा देणारी बंदरे तिच्या कक्षेत येतात. प्रत्येक जहाजाने व प्रत्येक बंदराने आपली सुरक्षा योजना लिहून ती सरकारकडून मान्य करून घ्यायची. धोक्याच्या तीन पातळ्या ठरलेल्या आहेत. पहिली नेहमीच्या सावधगिरीची, दुसरी धोका वाढल्याची, तिसरी घाला अगदी तोंडावर येऊन ठेपल्याची. जहाजावर एक गुप्त कळ असते. ती दाबली की जहाजावर कसलाही आवाज होत नाही, परंतु किनाऱ्यावर संदेश पोहोचतो. कंपनीत एक, बंदरात एक आणि जहाजावर एक असे सुरक्षा अधिकारी नेमलेले असतात. आपल्या देशात या साऱ्यावर मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाची देखरेख असते.

आमचा भाचा हाच त्याच्या जहाजावरचा सुरक्षा अधिकारी. जहाज धक्क्याला लागले की वर चढण्याच्या शिडीपाशी, जिला ते लोक गँगवे म्हणतात, चोवीस तास पहारा ठेवायचा, येणाऱ्याची ओळख पाहायची, त्याच्या सामानाची तपासणी करायची आणि नोंदवहीत त्याचे नाव, वेळ व येण्याचे कारण लिहायचे, हे सारे त्याच्या अखत्यारीत येते. रात्री दोरावरून वर चढणारे चोर असतात. मालाच्या कोठारात दडून परदेशी जाऊ पाहणारे हताश जीवही असतात. कधी ते आत गुदमरून मरतात. शिडीवरचा पहारा ढिला पडला तर काय होते हे त्याला पक्के ठाऊक आहे. तेव्हा संहितेला नावे ठेवणाऱ्यांपैकी तो नाही, आणि आम्हीही नाही.

आमचे म्हणणे निराळेच आहे. संहिता लिहिणारांना दर्यावर्दी माणसाचा विसर पडला नव्हता. प्रस्तावनेतच त्यांनी नमूद केले की जहाजावरचे लोक जहाजावरच राहतात आणि जहाजावरच काम करतात, त्यांना किनाऱ्यावर उतरण्याची, तेथील सेवाकेंद्रांची व औषधोपचाराची गरज असते, आणि सुरक्षा योजना मान्य करताना सरकारांनी याचे भान ठेवावे. आरोग्य वा सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण आड येत नसेल तर परदेशी खलाशास किनाऱ्यावर उतरू द्यावे, हे १९६५ च्या करारातले तत्त्वही तेथे पुन्हा सांगितले आहे. एवढ्यावर न थांबता, खलाशांना उतरण्याची आणि त्यांच्या कल्याणसंस्थांच्या प्रतिनिधींना जहाजावर येण्याची सोय कशी केली जाईल, हे प्रत्येक बंदराच्या योजनेत असलेच पाहिजे, असे संहितेच्या बंधनकारक भागात घातले आहे. फादर जहाजावर कसे येणार, याचे उत्तर बंदराने लिहून ठेवायचे आहे, असा याचा सरळ अर्थ.

पण फाटकावर उभा असलेला पहारेकरी प्रस्तावना वाचत नाही, यादी वाचतो. यादीत नाव नसेल तर माणूस परका. धक्क्यावर पायी चालण्यास मनाई, म्हणून गाडी हवी. गाडीला पैसे हवेत, आणि ते कोणी द्यायचे हे ठरलेले नाही. कुठे व्हिसा हवा, कुठे एका दिवसाची पूर्वसूचना हवी. आणि आताशा कंटेनरचे जहाज बंदरात थांबते ते काही तास. परवानगी मिळेपर्यंत नांगर उचललेला असतो. ज्या अमेरिकेत या भीतीचा उगम झाला तेथेच हा जाच इतका वाढला की २०१० साली तिला कायदा करून, खलाशांना आणि त्यांना भेटू येणाऱ्यांना फाटकातून विनामूल्य जाऊ द्यावे असे धक्कामालकांना बजावावे लागले. आणि त्याचे सविस्तर नियम निघायला २०१९ साल उजाडले.

काही वर्षांपूर्वी आमच्या बहिणीच्या सासूबाई नाताळच्या आधी आठ दिवस वारल्या. भाचा त्यांच्याच मांडीवर वाढलेला. बातमी समजली तेव्हा जहाज भर समुद्रात होते. अंत्यविधीला पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. पुढचे बंदर एका ख्रिस्ती देशातले. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी जहाज लागायचे होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचे होते. आजीच्या आत्म्यासाठी मध्यरात्रीच्या मिस्सात प्रार्थना करावी, एवढीच त्याची इच्छा. डेकवरून पाहिले तर भिंतीपलीकडे चर्चचा मनोरा दिसत होता. एजंटाने सांगितले, उतरण्याचे पास मिळणार नाहीत. मग त्याने तेथल्या बंदरसेवेच्या धर्मगुरूंना संदेश धाडला. वृद्ध फादर नाताळचे सारे काम बाजूस ठेवून फाटकापर्यंत आले. फाटकावरून जहाजावर फोन आला, आणि तो घेतला सुरक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे आमच्या भाच्यानेच. "होय, हे आमचे पाहुणे आहेत, त्यांना सोडा," असे त्याने सांगितले. उत्तर आले की यादीत नाव चोवीस तास आधी यायला हवे होते. फादर परत गेले. त्या रात्री चार कॅथोलिक खलाशांनी मेसमध्ये बसून जपमाळ म्हटली, आणि बारा वाजता भाचा पुन्हा शिडीपाशी पहाऱ्यावर उभा राहिला.

हे ऐकले त्या रात्री आम्ही 'प्रेषितांची कृत्ये' उघडून सत्ताविसावा अध्याय पुन्हा वाचला. संत पौल तेव्हा कैदी होते. रोमला कैसरापुढे उभे करण्यासाठी त्यांना जहाजाने नेण्यात येत होते, आणि ज्युलियस नावाच्या शताधिपतीवर त्यांच्या पहाऱ्याची जबाबदारी होती. कैदी निसटला तर रोमी पहारेकऱ्याची धडगत नसे. त्या काळी सुरक्षेचे नियम काही सैल नव्हते. तरीही दुसऱ्याच दिवशी जहाज सीदोनला लागले तेव्हा ज्युलियसने पौलांना किनाऱ्यावर आपल्या मित्रांकडे जाऊ दिले, त्यांच्याकडून पाहुणचार घेऊ दिला. इतकी वर्षे आपण या अध्यायातले वादळ वाचतो, फुटलेले जहाज वाचतो, माल्टाच्या लोकांनी पावसात भिजलेल्या २७६ जणांसाठी पेटवलेली शेकोटी वाचतो. सीदोनच्या त्या एका ओळीपाशी कोणी थांबत नाही. आम्हीही थांबलो नव्हतो. बेड्या घातलेल्या कैद्याला किनाऱ्यावर उतरायला मिळाले. कोणताही गुन्हा न केलेल्या, खिशात सरकारी ओळखपत्र बाळगणाऱ्या मुलाला मिळाले नाही. ज्युलियसपाशीही यादी असणारच. पण तो यादीबरोबर माणसाकडेही पाहत होता.

आता कोणी म्हणेल, अशी हळवी भाषा मुंबईकरांपुढे बोलू नका. बरोबर आहे. आपल्या किनाऱ्याने जे भोगले ते थोडे नाही. १९९३ साली रायगड जिल्ह्यातल्या दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके उतरली, आणि १२ मार्चच्या स्फोटांत मुंबईत २५७ माणसे मेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा जण रबरी होडीतून कफ परेडच्या कोळीवस्तीपाशी उतरले. पुढच्या तीन दिवसांत १६६ जणांचे प्राण गेले. पण हे सारे कोणत्या फाटकातून आले? शेखाडीला फाटकच नव्हते. तेथे होते ते आपलेच जकात अधिकारी आणि पोलीस, ज्यांतले काही पुढे न्यायालयात दोषी ठरले. आणि २००८ चे मारेकरी आले ते पोरबंदरच्या 'कुबेर' नावाच्या मच्छीमार नौकेतून, तिच्यावरच्या आपल्याच खलाशांना ठार मारून. मच्छीमार नौका या संहितेच्या कक्षेत येत नाही. किनाऱ्यावर उतरलेल्या त्या अनोळखी तरुणांना पहिल्यांदा हटकले ते तेथल्या कोळी लोकांनीच. म्हणजे या दोन्ही प्रसंगी दर्यावर जगणारा माणूस हा धोका नव्हता. तो एकदा बळी होता, एकदा साक्षीदार होता. तरीही त्यानंतर ओळखपत्रे, नौकांची नोंदणी, रंगांच्या खुणा आणि भर समुद्रातल्या तपासण्या हे सारे किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांच्याच वाट्याला आले. वसईच्या पाचूबंदरची आमच्या ओळखीची मंडळी याबद्दल कुरकुर करीत नाहीत. त्यांचे गाऱ्हाणे एवढेच की, "आम्हांला विचारले असते तर आम्हीच राखण केली असती."

मग २०२० साल आले. साथीच्या भयाने देशोदेशींच्या सरकारांनी बंदरांची दारे माणसांसाठी बंद केली, मालासाठी मात्र उघडी ठेवली. त्या वर्षाच्या अखेरीस सुमारे चार लाख दर्यावर्दी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते, आणि जवळजवळ तेवढेच घरी बसून कामावर जाण्याची वाट पाहत होते. आमचा भाचा नऊ महिन्यांच्या करारावर गेलेला, तो तेराव्या महिन्यात घरी आला. त्या काळात त्याच्या जहाजाने औषधे वाहिली, धान्य वाहिले, कापूसही वाहिला. आमच्याकडचा कापूस सील लावून परक्या धक्क्यावर उतरत होता; त्याला नेणारा आमचा मुलगा उतरू शकत नव्हता. बहीण फोनवर म्हणे, "दादा, कापसाची गाठ असता तर बरे झाले असते."

पवित्र सभेने या माणसांना वाऱ्यावर सोडलेले नाही, हे येथे सांगितले पाहिजे. १९२० साली ग्लासगो शहरात काही सामान्य प्रापंचिकांनी पुढाकार घेऊन समुद्रावरच्या लोकांसाठी प्रेषितकार्य सुरू केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'स्टेला मारिस', म्हणजे सागरतारका, या नावाचे पत्र काढून त्या कार्यास नवी घडी घालून दिली. सागरतारका हे आपल्या पवित्र मरियामातेचे जुने नाव. आज ती संघटनाही याच नावाने ओळखली जाते. जुलै महिन्याचा दुसरा रविवार हा समुद्रावरच्या लोकांसाठी प्रार्थनेचा दिवस पाळतात. आमच्याकडे त्या सुमारास कपाशीची खुरपणी चाललेली असते आणि सर्वांचे डोळे आभाळाकडे असतात. मूठभर कुटुंबांच्या आमच्या समुदायात श्रद्धावंतांच्या विनवण्यांमध्ये पावसाच्या जोडीला आता खलाशांचीही एक विनवणी असते. प्रथम ऐकताना काही जणांना ती चमत्कारिक वाटली. आता ती राहिली तर म्हातारी माणसेच आठवण करून देतात.

सरकारांनीही काही केले. सागरी कामगारांविषयीचा २००६ चा करार २०१३ साली अमलात आला आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. प्रकृतीसाठी आणि मनाच्या स्वास्थ्यासाठी खलाशाला किनाऱ्यावर जाऊ द्यावे, असे तो सांगतो. खलाशांची ओळख निःसंशय पटावी म्हणून आपल्या देशाने २०१९ पासून चेहऱ्याच्या ठशावर आधारलेले ओळखपत्र देण्यास आरंभ केला, आणि त्यात भारत जगात पहिला ठरला. भाच्याकडे ते आहे. त्याने ते आम्हांस दाखवले तेव्हा आम्ही विचारले, "मग आता तरी फाटक उघडते का?" तो हसला आणि म्हणाला, "काही ठिकाणी." कार्डाने माणूस कोण ते कळते, त्याला आत-बाहेर जाऊ द्यायचे की नाही, ते अजूनही त्या त्या धक्क्याची योजना कोणी लिहिली आणि कोणत्या मनाने लिहिली, यावर ठरते.

त्या नाताळानंतर भाच्याने आपल्यापुरता एक उपाय काढला आहे. नियम मोडून नव्हे, नियमातूनच. पुढचे बंदर निश्चित झाले की तो तीन दिवस आधी तेथल्या बंदरसेवेचा पत्ता शोधतो, धर्मगुरूंचे नाव व ओळखपत्राचा क्रमांक मागवून घेतो, जहाजाच्या पाहुण्यांच्या यादीत ते स्वतः घालतो आणि कप्तानाच्या सहीनिशी ती यादी एजंटाकडे धाडतो. एजंट विसरला तर पुन्हा धाडतो. सुरक्षा अधिकारी असल्याने हे त्याच्या हातात आहे. कप्तान हिंदू आहेत, ते म्हणाले, "तुझे फादर येणार असतील तर माझ्या लोकांसाठी चार सिमकार्डेही आणायला सांग."

गेल्या खेपेस फादर चढले. शिडीपाशी त्यांच्या पिशवीची रीतसर तपासणी झाली. आत लोकरीच्या टोप्या, सिमकार्डे आणि मिस्साचे साहित्य होते. मेसमधल्या जेवणाच्या टेबलावर पांढरे कापड अंथरून मिस्सा झाला. भाविक सात होते. त्यांत दोन ऑर्थोडॉक्स पंथाचे युक्रेनी, आणि दाराशी उभा राहिलेला रत्नागिरीचा स्वयंपाकी. आजीचे नाव घेतले गेले. फादर एक तास दहा मिनिटे जहाजावर होते, आणि जाताना नोंदवहीत सही करून गेले.